गुऱ्हाळावरची तोंडी परीक्षा

"बाई, तुमचं बरं आहे. विज्ञानात शब्दांना तोटा नाही. मी काय देऊ? 'सावधान' दिला, 'विश्राम' दिला. आता राहिलं काय?"

म्हमाणे सर हातात खडू घेऊन माझ्या टेबलापाशी उभे होते. हा सहा फुटी कसरतीचा मास्तर. एरवी यांनी शिट्टी फुंकली की सगळी शाळा जागच्या जागी थिजायची, आणि आता पाच शब्दांपायी ते रडकुंडीला आले होते.

"'स्नायू' द्या," मी म्हणाले.

"तो तुमच्यात येतो."

"येऊ दे की. तुमच्याकडेही आहेतच ना?"

त्यांनी एकवार आपल्या दंडाकडे पाहिलं आणि खूश होऊन वर्गाकडे गेले.

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरच्या बाजूला, पंचगंगेच्या काठी असलेल्या एका गावात मी विज्ञान शिकवायला लागले होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आमचे मुख्याध्यापक इंगवले सर. काळी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि डोक्यात एकच खूळ: शब्द. प्रत्येक शिक्षकाने, मग तो चित्रकलेचा असो की कसरतीचा, तास सुरू करण्याआधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या विषयाचे पाच शब्द लिहायचे. मुलांनी ते शब्दवहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्द आपल्या वाक्यात घालून दाखवायचा. भूगोलाची 'मृदा', गणिताचा 'परीघ', माझं 'बाष्पीभवन', सगळं एका वहीत, विषयवार पानं पाडून.

"मूल नापास होतं ते अकलेनं नव्हे, शब्दानं," सर म्हणायचे. "प्रश्नच कळत नाही त्याला. उत्तर डोक्यात असतं, पण प्रश्न कुठल्या भाषेत विचारलाय तेच समजत नाही."

हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. मॅट्रिकच्या पेपरात 'परिमिती' म्हणजे काय ते आठवेना, म्हणून त्यांनी आख्खा प्रश्न सोडला होता. बापाच्या शेताला कुंपण घालताना तेच गणित त्यांनी दहा वेळा केलं होतं. दर जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत ही गोष्ट व्हायची. आम्हाला ती पाठ होती, तरी दर वेळी आम्ही ती मन लावून ऐकायचो. माणूस खरा होता.

पण या खुळाला दुसरी बाजू होती. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच थांबवायची, ही त्या काळी बऱ्याच शाळांची रीत. आमच्याकडे ती चाळणी शब्दांची होती. काठावरच्या मुलांची जानेवारीअखेर तोंडी परीक्षा व्हायची, खुद्द इंगवले सरांसमोर. जमलं तर दहावी, नाही जमलं तर पुन्हा नववी.

मालन चौगुले त्या चाळणीत आदल्या वर्षी अडकली होती. यंदा ती दुसऱ्यांदा नववीत बसली होती, मागच्या बाकावर, आपल्यापेक्षा वर्षाने लहान मुलींच्या मागे.

दिवाळीनंतर तिचा बाप मला भेटायला आला. दगडू चौगुले हा गावच्या मगदूम आण्णांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस, म्हणजे गुऱ्हाळावरचा राजाच. पण शिक्षकांच्या खोलीचा उंबरा त्याने ओलांडला नाही. डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन तो बाहेरच उभा राहिला. काकवीची एक बाटली त्याने पायरीवर ठेवली होती, आणि तिच्याकडे आपण बघतच नाही असं तो दाखवत होता.

"बाई, यंदा वर गेली तर शिकू दे म्हनतो मी," तो म्हणाला. "खरं घरातली ऐकत न्हाईत. एकाच वर्गात पोरगी दोनदा बसली, आता तिसऱ्यांदा न्हाई म्हनत्यात. न्हाई जमलं तर वैशाखात लगीन."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपेग? पोरगी तुमच्या आन सरांच्या हातात हाय."

तो गेल्यावर मी मालनला बोलावलं आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबायला सांगितलं. तिचं लग्न होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं. मी चोवीस वर्षांची होते, स्वतःचं लग्न टाळून रत्नागिरीहून नोकरीला आलेली. त्यामुळे या कामात जरा जास्तच जोर होता.

पोरगी मठ्ठ नव्हती. सगळं कळायचं तिला. लिहायचीही बरं. पण तोंडी विचारलं की घरातली भाषा आधी यायची आणि पुस्तकातला शब्द मागे राहायचा. 'पण'ला तिथे 'खरं' म्हणतात, त्यात बायकांचं बोलणं म्हणजे 'मी येतो, मी जातो'. मला पहिले सहा महिने त्याचं हसू यायचं. मग सुट्टीत घरी गेल्यावर एकदा मीच 'मी जेवलो' म्हणाले, आणि आई माझ्याकडे बघतच राहिली.

मी एक युक्ती काढली. मालन बोलताना घरचा शब्द आला की मी नुसतं बोट वर करायचं. तिने तिथेच थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून, पुस्तकातला शब्द घालून, पुन्हा म्हणायचं.

"बाई, पानी आटतंय..."

बोट वर.

"पाण्याचं बाष्पीभवन होतं."

"त्यानंतर?"

"मग रस घट..."

बोट वर.

"मग द्रावण संपृक्त होतं."

"आणि घरी काय म्हणता त्याला?" असं मी तिला कधी विचारलं नाही. वेळच नव्हता. जानेवारीपर्यंत ती अशी तयार झाली की माझं बोट दिसलं की श्वास अर्धा घेऊन थांबायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटायचा.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात इंगवले सरांना नवी कल्पना सुचली. तोंडी परीक्षा खोलीत कशाला? शब्द वस्तूसमोर विचारायचे. आणि वस्तू कुठली, तर गावचं गुऱ्हाळ. तिथे ऊस होता म्हणजे भूगोल आला. रसाची मोठी गोल कढई, म्हणजे काहील होती, भूमिती आली. रस उकळत होता, विज्ञान आलं. गूळ पेठेत जात होता, अर्थशास्त्र आलं. म्हमाणे सरांनी पडेल आवाजात विचारलं, "मी येऊ का सर?" सर म्हणाले, "तुम्ही तर याच."

शनिवारी सकाळी काठावरची अकरा मुलं आणि आम्ही पाच शिक्षक अशी वरात निघाली. मालन माझ्याजवळून चालत होती. रात्री तेल घालून घट्ट वेण्या घातलेल्या दिसत होत्या.

"बाई, एक सांगू?" वाटेत ती म्हणाली. "बा काहिलीम्होरं हुबा असला की त्याच्यासंगं बोलायचं न्हाई. मालक बी बोलत न्हाई. तेवढं सरांस्नी सांगा."

"बरं," मी म्हणाले, आणि लगेच तिला परिघाची व्याख्या विचारली.

गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा पहिलं आधण उतरायच्या बेतात होतं. एका काहिलीत एका वेळी शिजतो तेवढा रस, त्याला तिथे आधण म्हणतात. दगडू काहिलीसमोर उभा होता, डोळे मिटल्यासारखे बारीक करून. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. सगळीकडे शांत होतं, फक्त चुलवाणातला जाळ आणि रसाचा रटरट आवाज. एकदम त्याने हात वर केला. जाळात उसाचं चिपाड सारणारा गडी थांबला, आठ जणांनी दांड्याला हात घातला, काहील उचलून तिरपी केली आणि सोनेरी पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला. म्हमाणे सर मागून ओरडले, "स्नायू! पोरांनो, स्नायू बघा, स्नायू!" गडी हसले. दगडूनेही टॉवेलाने तोंड पुसलं आणि आम्हाला नमस्कार केला.

दुसरा रस काहिलीत पडला आणि परीक्षा सुरू झाली. सर खुर्चीवर, मांडीवर नोंदवही, आम्ही भोवती. एकेक मूल पुढे यायचं. भूगोलाच्या मास्तरांनी 'जलसिंचन' काढून घेतलं, गणिताच्यांनी एकाला दोरी देऊन काहिलीचा व्यास मोजायला पाठवलं, तो चटका लागून परत आला. एकाने 'मळी'ला 'अवशेष' म्हटलं. सरांना ते आवडलं, त्यांनी खूण केली. दोन तास असेच गेले. रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं, वर आलेली मळी काढून झाली, रंग फिरला. मधेच पोरांनी पाण्याच्या कुंडीवर हातपाय धुतले. खरं सांगायचं तर मजा येत होती. आमच्या शाळेचा तो सगळ्यात चांगला दिवस आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

मालनची पाळी शेवटून दुसरी आली. तोवर दगडू पुन्हा काहिलीसमोर उभा राहिला होता, तसाच गप्प.

"मालन, समोर काय चाललंय? आपल्या शब्दवहीतले पाच शब्द घालून सांग," सर म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"उसाचा रस हे एक द्रावण आहे," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण शब्द स्वच्छ. "उष्णता दिल्यावर त्यातल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं. म्हणून... म्हणून द्रावणाची..."

"चालू दे."

"घनता वाढते."

"छान! चार झाले." सर खुशीत आले. खुशीत आले की त्यांना प्रश्न सुचायचे. ते खुर्चीतून दगडूकडे वळले. "दगडूराव, तुमची लेक चांगलं सांगते हो. आता मला सांगा, याच्या पुढची जी अवस्था, तिला तुमच्यात काय म्हणतात?"

दगडू वळला. डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, काहिलीकडे पूर्ण पाठ केली आणि सरांसमोर हात जोडून उभा राहिला. "काय हाय सर," त्याने सुरुवात केली, "आमी अडाणी मानसं..."

मालन बापाच्या मागे बघत होती.

"बाई, काहील..."

मी बोट वर केलं. चार शब्द झाले होते, एकच राहिला होता. आता घसरली असती तर सगळं मुसळ केरात.

"बाई, बुडबुडं बसा..."

बोट वर.

ती थांबली. अर्ध्या श्वासावर थांबली, डोळे मोठे झाले. मग सगळा जोर लावून, एकेक अक्षर सुटं करून, जवळजवळ ओरडून म्हणाली, "द्रावण संपृक्त झालंय! उष्णता बंद करायला हवी!"

"शाब्बास!" इंगवले सर म्हणाले, आणि त्यांनी नोंदवहीत ठसठशीत खूण केली. "शब्द पाच, वाक्यं पाच. याला म्हणतात तयारी! रेगे बाई, अभिनंदन."

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा करपल्याचा वास आला.

पुढचं फार भराभर झालं. दगडू वळला, हात वर केला, गडी धावले, काहील उतरली. पण वाफ्यात जे पडलं ते सोनेरी नव्हतं. ते काळपट होतं आणि पडता पडताच दगडासारखं होत चाललं होतं. मगदूम आण्णा मळ्यातून धावत आले. वाफ्याकडे पाहिलं, मग दगडूकडे.

"दगडू? तुझ्या हातनं?"

"माझं ध्यान न्हवतं, आण्णा," दगडू म्हणाला.

एवढंच. आम्ही पाच शिकलेली माणसं तिथे उभी होतो, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. म्हमाणे सर आपल्या बुटांकडे बघत होते. इंगवले सर म्हणाले, "चला, मुलांना उशीर होतोय," आणि आम्ही निघालो. मालन मागे राहिली. परत येताना सर मला म्हणाले, "वाईट झालं बिचाऱ्याचं. पण पोरगी मात्र सुटली. पास." मी "हो सर" म्हणाले.

रविवारी मी धुणं धुवायला बसले आणि एका चादरीला साबण लावता लावता हात थांबला. ती मला उत्तर देत नव्हती. तिला दिसलं होतं, ती सांगत होती. दोनदा तिने तिच्या शब्दांत सांगितलं आणि दोनदा मी तिला थांबवलं. तिसऱ्यांदा तिने आमच्या शब्दांत सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं, आणि आम्ही तिला मार्क दिले.

सोमवारी हजेरीत मालन चौगुले गैरहजर होती. मधल्या सुट्टीत मी इंगवले सरांच्या खोलीत गेले आणि काल धुण्याच्या दगडावर जे कळलं होतं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी चष्मा काढला. नोंदवही उघडून त्या ठसठशीत खुणेकडे पाहिलं.

"म्हणजे ती जाळ काढा म्हणत होती," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मी शाब्बास म्हणालो."

त्यांनी टोपी घातली. "चला," म्हणाले, "तास म्हमाण्यांना घेऊ दे."

मगदूम आण्णा त्यांच्या ओट्यावरच भेटले. सरांनी चपला काढल्या, वर न बसता उभ्यानेच सांगितलं, "आण्णा, शनिवारी चूक आमची झाली. गुळव्याला मी बोलण्यात गुंतवलं."

आण्णा संकोचले. "अहो सर, तुमी गुरुजी मानसं, तुमची चूक कोन धरतंय? खरं," ते थांबून म्हणाले, "गुळव्यानं वळायचं नसतंय. दगडू कधी वळला न्हवता."

तिथून आम्ही गुऱ्हाळावर गेलो. जेवणाची वेळ होती, गडी पांगले होते. छपरामागे मालन चिपाडं उन्हात पसरत होती. वेण्या सुटलेल्या, हाताला चिपाडाचे ओरखडे. दगडू जवळच भाकरी सोडून बसला होता. आम्हाला बघून तो धडपडत उठला.

"मालन, शाळेत आली नाहीस," मी म्हणाले. "तू पास झालीस."

"ठावं हाय बाई." तिने हातातली चिपाडं खाली टाकली नाहीत. "मी न्हाई येत आता."

"का?"

"मी बगत हुतो बाई. मला दिसलं हुतं. बुडबुडं बसाय लागलं की झालंच, मग दम निघत न्हाई. मी वरडायला पायजे हुतं, 'बा, काहील बग' म्हनून. तेवढंच. आन मी शब्द हुडकत बसलो."

"चूक माझी होती, मालन. मी बोट वर केलं."

"व्हय, तुमी केलं. खरं बा माझा हाय न्हवं?"

इंगवले सर एक पाऊल पुढे आले. "बाळ," ते म्हणाले, आणि त्यांनी कुणा मुलाला बाळ म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, "तू बोललीस की. अगदी नेमकं बोललीस. ऐकणारे बहिरे निघाले."

"बरोबर बोललो, खरं बाला कळंल असं न्हाई बोललो." तिचा आवाज फुटला. "समद्यांस्नी कळलं, टाळ्या वाजल्या. एकट्या बालाच कळलं न्हाई. ते पास मला नगो सर. ते खोडा."

"खोडा?" दगडू एकदम म्हणाला.

इतका वेळ तो हातातली भाकरी कुठे ठेवावी ते न कळून उभा होता. त्याने ती फडक्यावर ठेवली, हात झटकले आणि लेकीच्या समोर आला.

"कोन म्हनतं मला कळलं न्हाई?"

"कसं कळंल? 'संपृक्त' म्हंजे काय ठावं हाय का तुला?"

"ते न्हाई ठावं. खरं खुळे, तुझ्या आवाजावरनं कळलं. आन त्याच्या बी आदी नाकानं कळलं." तो आमच्याकडे न बघता, जमिनीकडे बघून बोलू लागला. "ईस वर्सं झाली काहिलीम्होरं हुबा हाय मी. सरांनी इचारलं तवाच वास फिरला हुता. मी वळलो तवा मला पक्कं ठावं हुतं, आता हे आधण हाताला लागत न्हाई."

मालन बघतच राहिली. "ठावं हुतं? मग वळलास कशाला?"

दगडूला ते आमच्यासमोर सांगायचं नव्हतं. त्याने टॉवेल या हातातून त्या हातात घेतला, परत घेतला.

"सर इचारत हुते गं," तो शेवटी म्हणाला. "तू त्यांच्या म्होरं परीक्षेला हुबी. त्यांनी हौसेनं इचारलं आन मी पाठ करून हुबा ऱ्हायलो तर त्यास्नी काय वाटंल? म्हंतील, गुळव्याला मस्ती आली. एका शब्दावर तुझं वरीस अडकलं हुतं. आधण काय, रोज असतंय. उद्या दुसरं घालू. तुझी नववी रोज असत न्हाई." मग तो घाईने सरांकडे वळला, "आण्णांस्नी तेवढं सांगू नगासा सर. त्यास्नी मी ध्यान न्हवतं म्हनून सांगितलंय."

इंगवले सरांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. आयुष्यभर पोरांकडून नेमका शब्द मागणारा माणूस, आणि त्याला एक साधं वाक्य जुळवायला वेळ लागला.

"दगडूराव," ते म्हणाले, "मला नुसतं 'थांबा' म्हणायचं होतंत."

"तुमास्नी?" दगडू म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं, असं कुणी म्हणू शकतं याचंच. मला रडू आवरेना. मी तोंड फिरवून उभी राहिले आणि पदराने डोळे पुसत राहिले, विद्यार्थिनीसमोर, पालकासमोर, मुख्याध्यापकांसमोर. इंगवले सर खाली वाकले आणि मालनच्या शेजारी, इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, ओंजळ भरभरून चिपाडं उन्हात पसरू लागले.

"अवो सर, राहू द्या, हात कापंल," दगडू धावला. मग लेकीवर खेकसला, "बगत काय हुबी ऱ्हायलीस? सोड ते. हात धू जा. बाई न्यायला आल्यात."